बोपचे गुरुजींचे सागवानी दार

दवनीवाडा
२७ नोव्हेंबर २००१

चि. बकाराम मिस्त्री यास अनेक आशीर्वाद.

तुझा रायपूरचा पत्ता तुझ्या चुलत्याकडून, बिसरामकडून मिळवला. त्यानेही तो सरळ दिला नाही, दोनदा चहा पाजावा लागला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या घराला कुलूप पाहून मला वाटले, सासुरवाडीला गेला असशील. दहा दिवस वाट पाहिली. आता कळते की तू बायकोसह रायपूरला कामाला गेलास. निदान सांगून तरी जायचे!

माझ्या नव्या घराचे दार तू चौकटीत बसवलेस आणि पॉलिश न करता गेलास. सागवान माझ्या स्वतःच्या बांधावरचे आहे, हे तुला ठाऊकच आहे. एवढे चांगले लाकूड कोरे उभे आहे. येणारा-जाणारा विचारतो, "गुरुजी, दार असंच ठेवाचं हाय का?" उजवा पल्ला अजूनही खाली फरशीला घासतो. त्यावरून त्या दिवशी आपल्यात थोडे बोलणे झाले. बांधकामात असे चालतेच. तू ते मनावर घेतलेस असे कोणी म्हणाले. मी म्हटले, छे, चौथीत माझ्या वर्गात होता तो. शाळेत मी त्याला यापेक्षा कितीतरी जास्त बोललो आहे.

माघात वसंतपंचमीला गृहप्रवेश आहे. तरी पत्र मिळताच निघावे.

तुझा शुभचिंतक,
नत्थूलाल बोपचे
सेवानिवृत्त मुख्याध्यापक

*

रायपूर
९ डिसेंबर २००१

गुरुजींले बकाराम मिस्त्रीचा नमस्कार. काकीले नमस्कार.

पत्र रुख्मा लिहून राहिली, मी सांगून राहिलो. माहं अक्षर तुमाले मालूम हाय.

मले येता येत नाई. इथं नवीन राजधानी झाली तशी बंगल्यावर बंगले उठून राहिले. एका मोठ्या हॉटेलचं पूरं लाकूडकाम माह्याकडं हाय. हाताखाली चार माणसं हायत. (चार नाहीत. एकपण नाही. हे पत्र वाचत नाहीत, नुसती सही करतात, म्हणून मी लिहून देते. — रुख्मा)

पॉलिश कराले मीच कायले पाह्यजे? तुमीच करा. शिकलेले माणूस हा. सागवान शाना असते, माणसाले सांभाळून घेते. पहिले पॉलिशपेपर आणा. ऐंशी नंबरचा, मंग एकशेवीस, मंग एकशेऐंशी. लाकडाच्या ठोकळ्याले गुंडाळून घासा. रेषेरेषेनं घासा. जोर नका लावू. हात फिरवला तं गालावानी लागला पाह्यजे. हे झालं का कळवा, मंग रंगाचं सांगतो.

पल्ला काऊन घासते ते मी नाई सांगत. तुमी गणित शिकवता, तुमी शोधा.

बकाराम

(रोज सकाळी उठून भिंतीकडे पाहत बसतात. बरे आहेत. — रुख्मा)

*

दवनीवाडा
२२ डिसेंबर २००१

चि. बकाराम यास आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आधी राग आला. मग विचार केला, छत्तीस वर्षे पोरांना "स्वतः करून पाहा" असे सांगितले, तर आता आपणच का मागे राहावे? गोंदियाहून तिन्ही नंबरचे कागद आणले आणि कामाला लागलो.

तू "रेषेरेषेने" लिहिलेस ते मला फार पटले. कोणत्याही कामाला शिस्त हवी. मी फूटपट्टी आणि शिसपेन्सिल घेऊन दोन्ही पल्ल्यांवर चार-चार इंचांवर आडव्या रेषा आखल्या. वहीत असतात तशा. मग एकेक ओळ घेऊन डावीकडून उजवीकडे घासत गेलो. सकाळी पाच ओळी, संध्याकाळी पाच. एकही ओळ सुटली नाही. शेजारचा उदाराम बघायला आला. म्हणाला, "गुरुजी, दाराले अभ्यास देऊन राहिले का?" मी लक्ष दिले नाही.

एक काम तुझ्या सांगण्यापूर्वीच उरकले. लाकडात जिथे जिथे बारीक भोके होती ती बुजवली. तुम्ही मिस्त्री लोक खडूची पूड आणि डिंक वापरता हे मी पाहिले होते. निवृत्तीच्या दिवशी शाळेने खडूंची मोठी पेटी भेट दिली होती, ती कामी आली. पांढरे खडू संपले तेव्हा गुलाबी घेतले. तुझी काकी धनवंता दुपारी जेवायला बोलवायला आली आणि दार पाहून म्हणाली, "अगा माय, याले गोवर निघाला का?" बायकांना कामातले काय कळते!

आता रंगाचे लवकर लिही.

नत्थूलाल बोपचे
सेवानिवृत्त मुख्याध्यापक

*

रायपूर
३ जानेवारी २००२

गुरुजींले नमस्कार.

गुरुजी, तुमी दाराची वाट लावली.

रेष म्हणजे पेन्सिलची रेष नाई हो! लाकडाची रेष. झाड उभं वाढते, त्याच्या अंगात उभ्या रेषा राहतात. त्या रेषेसंगं वर-खाली घासा लागते. तुमी आडवं घासलं. आता डोळ्याले नाई दिसणार, पण रंग लागला का सारे चरे काळे होऊन वर येतील, मांजरानं बोचकारल्यावानी. सारं पुन्हा घासा. पहिल्यापासून. ऐंशी नंबरपासून. उभं.

आन गुलाबी खडू पूरा खरवडून काढा. भोकात भरायची पूड लाकडाच्याच रंगाची करा लागते. चॉकमिट्टीत थोडी पिवळी मिट्टी, थोडा गेरू. पहिले हातावर रगडून पाहा, लाकडासंगं मिळते का नाई.

सारं झाल्यावर रंग. वॉलनट रंगाची पूड घ्या, स्पिरिटमंधी घोळा, फडक्यानं गाळा. कापसाची पोटली मऊ फडक्यात बांधा, तिच्यानं लावा. एकदा लावलं का थांबा. वाळल्यावरच दुसरा हात. पहिले वाया गेलेल्या टुकड्यावर लावून पाहा. हे ध्यानात ठेवा. टुकडा, मंगच दार. हातात मोजे घाला. त्याच्यावर चपडीचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश. चपडी स्पिरिटमंधी भिजवा लागते, पण ते मी मंग सांगतो. तुमाले एका वेळी एकच धडा देतो.

बकाराम

(गुरुजी, तुमचं पत्र मी वाचून दाखवलं. वहीच्या रेषांपर्यंत आली आणि यांना हसून हसून ठसका लागला. पाठ थोपटा लागली. दिवाळीपासून पहिल्यांदा हसले. अजून काही चुकलं तर लिहा. — रुख्मा)

*

दवनीवाडा
२८ जानेवारी २००२

चि. बकाराम यास आशीर्वाद.

सगळे पुन्हा घासले. उभे. बारा दिवस लागले. खांदा असा भरून आला की धनवंताने दोनदा तेल चोळून दिले आणि दोन्ही वेळा तुझे नाव घेतले, चांगल्या अर्थाने नाही. पण खरे सांगतो, शेवटच्या दिवशी हात फिरवला तर काय गुळगुळीत लागले! मी तिला बोलावून हात फिरवायला लावला. तिने दुसऱ्यांदाही फिरवला.

मग गोंदियाला जाऊन रंगाची पूड आणि स्पिरिट आणले. दुकानदाराने स्पिरिट दोन बाटल्यांत भरून दिले. एक बाटली बसमध्ये पिशवीतच सांडली. सारी बस वासाने भरली. शेजारी उदाराम बसला होता. त्याने पिशवीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "गुरुजी, कवापासून?"

मी म्हटले, "दीड महिना होत आला."

"काकीले मालूम हाय?"

"तिच्यासमोरच तर चालते सगळे."

"रोज?"

"रोज. सकाळी आणि संध्याकाळी. हात थरथरायला लागतात, पण सोडले नाही."

त्याचे डोळे भरून आले. माझा हात त्याने दवनीवाड्यापर्यंत हातातच धरून ठेवला. माझ्या दाराबद्दल त्याला एवढी आस्था आहे हे मला माहीत नव्हते.

आता पुढचे लिहिताना जरा जड जाते आहे. टाकाऊ तुकडा मला सापडला नाही. खरे म्हणजे मी शोधला नाही. वसंतपंचमी जवळ आली, म्हटले एवढे घासले आहे, कशाला तुकडा? थेट डाव्या पल्ल्यावर लावला. फिका वाटला म्हणून पूड वाढवली. ओलाच असताना दुसरा हात दिला, मग तिसरा. वाळल्यावर पल्ला पिकलेल्या जांभळासारखा झाला आहे. वरून काळा आणि उन्हात निळा मारतो. तिकडून बैल जातो तोही थांबून पाहतो.

मोजेही घातले नव्हते. हात कोपरापर्यंत तसेच झाले. राख, लिंबू, रॉकेल, सगळे करून पाहिले. दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी. शाळेने ध्वजारोहणासाठी मला बोलावले होते. मी झेंड्याला सलामी दिली आणि पहिलीतले एक पोर मोठ्याने ओरडले, "गुरुजीचा हात जळला!" पुढच्या रांगेतल्या दोन मुली रडायला लागल्या. मी भाषणात स्वच्छतेवर बोलणार होतो. विषय बदलला.

उजवा पल्ला कोराच ठेवला आहे. तो अजून फरशीला घासतो. त्याच्यापाशी मापपट्टी घेऊन मी दोन दुपारी बसलो होतो. त्याबद्दल नंतर लिहीन.

काय करावे ते सांग.

नत्थूलाल बोपचे

*

रायपूर
२ फेब्रुवारी २००२

पूज्य गुरुजींना रुख्माचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र यांच्या नकळत लिहून राहिली. हे कामावर गेले आहेत.

जांभळाच्या रंगाचं वाचून दाखवलं तर हे हसले, पण मग पत्र माझ्या हातून घेऊन घडी घातली. म्हणाले, "सागवान होतं, रुख्मा. तेही त्यांच्या बांधावरचं. मी रंदा मारला तेव्हा काय वास आला होता." मी म्हटलं, जाऊन या ना मग. तर म्हणाले, "मी त्या दाराच्या समोर उभा नाई राहू शकत."

गुरुजी, तुमी लिहिलं होतं की थोडं बोलणं झालं. थोडं नव्हतं. त्या दिवशी तुमच्या अंगणात बारा माणसं होती. पल्ला घासला आणि तुमी सर्वांसमोर म्हणाले, "चौथी नापास माणसाले इंच आणि सूत काय कळणार? चूक माझीच, मीच याले काम दिलं." सारे हसले. तुमाले आठवत नसेल. यांना एकेक शब्द पाठ आहे. आजूबाजूच्या दहा गावांत यांनी बसवलेली दारं आहेत. एकही पल्ला घासत नाही. त्या रात्री जेवले नाहीत, सकाळी पेटी उचलली.

इथं हॉटेल वगैरे काही नाही. एका ठेकेदाराकडे दुसऱ्याचं लाकूड घासाचं काम करतात. पोराच्या वयाचे कारागीर यांना "ए बुढ्ढे, कागज ला" म्हणतात. गावात ज्यांना सारे मिस्त्री म्हणत होते, त्यांना. तुमी पत्रात चुका करता आणि मिस्त्री म्हणून यांना विचारता, तेवढा एकच दिवस हे घरी आल्यावर ताठ बसतात.

माझं नाव सांगू नका. मोठ्यांना असं लिहिलं, माफ करा.

रुख्मा

*

दवनीवाडा
७ फेब्रुवारी २००२

बकाराम मिस्त्री यांस,

मला कोणी काही सांगितलेले नाही. हे मी आधीच स्पष्ट करतो. कोणाचेही पत्र आलेले नाही. जे लिहितो आहे ते स्वतःच्या मनाने.

मागच्या पत्रात मापाचे नंतर लिहीन म्हटले होते. ते दहा दिवसांपूर्वीच कळले होते, पण लिहिण्याचे धैर्य झाले नाही. पल्ला चौकटीशी जुळवून मोजला. तू चौकट ज्या दिवशी मोजलीस त्या दिवशी जमीन नुसत्या मुरमाची होती. दिवाळीच्या आठवड्यात मी गवंड्याला सांगून उंबऱ्यापर्यंत फरशी बसवून घेतली. तुला सांगितले नाही. उजव्या बाजूला जमीन चार सूत, म्हणजे अर्धा इंच वर आली. पल्ला बरोबर आहे. जमीन चुकली. तुला तेव्हाच कळले असणार आणि तू बोलला नाहीस.

मी मात्र बोललो. काय बोललो ते आठवते आहे. विसरलो असे दाखवत होतो.

जे बारा लोकांसमोर बोललो ते बारा लोकांसमोरच परत घ्यायला हवे. म्हणून परवा त्याच सगळ्यांना अंगणात चहाला बोलावले. माझे हात अजून काळे आहेत. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मित्रांनो, माझ्याकडून एक मोठी चूक झाली. आज सर्वांसमोर कबूल करतो."

एवढे म्हणताच उदाराम उठला आणि त्याने मला मिठी मारली. "बस गुरुजी, बस. पूरं सांगाची गरज नाई. आमाले सारं मालूम हाय." बिसराम म्हणाला, "माह्या मेव्हण्यानंही याच वयात सोडली. पहिले आठ दिवस जड जाते." मागून कोणी तरी म्हणाले, "एकदम नका सोडू गुरुजी, हळूहळू कमी करा." चैतराम पाटलांनी तर नागऱ्याच्या महादेवासमोर शपथ घ्यायला गाडी जुंपायची तयारी दाखवली.

तेव्हा मला बसमधली गोष्ट कळली, बकाराम. सबंध गाव दोन आठवडे समजत होते की मी दारू पितो. मला नमस्कार करताना लोक नाक पुढे का आणत होते तेही कळले. धनवंताला हे पहिल्यापासून माहीत होते. तिने का सांगितले नाही विचारले तर म्हणाली, "मले मजा येऊन राहिली होती."

शेवटी मला वर्गात ओरडायचो तसे ओरडावे लागले. "गप्प बसा! मी दारूबद्दल बोलत नाही. मी बकाराम मिस्त्रीबद्दल बोलतो आहे!" मग सांगितले. त्याचे माप बरोबर होते, माझे चुकले. त्याला जे बोललो ते खोटे होते आणि हलके होते. मग सगळ्यांसमोर गवंड्याकडून उंबऱ्याजवळचा फरशीचा पट्टा उखडून घेतला आणि उजवा पल्ला एका बोटाने ढकलला. आवाज न करता मिटला. कोणी हसले नाही. चैतराम पाटील उठून आले, त्यांनी पल्ला तीनदा उघडला, तीनदा मिटला आणि म्हणाले, "मिस्त्री खरा."

तू ये किंवा येऊ नकोस. दार जांभळे राहिले तरी चालेल. पण हे तुला कळायला हवे होते.

नत्थूलाल

*

रायपूर
१० फेब्रूवारी

गुरुजी

हे मि सवता लीहीतो. रूख्माले नाई सांगतल.

बूधवारी येतो. तवपरेंत दाराले हात लाऊ नका. कागद नाई रंग नाई काईच नाई. लांबुन पाहा.

बकाराम

*

दवनीवाडा
२४ फेब्रुवारी २००२

सौ. रुख्मा हिला अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा सुखरूप आहे. अंगावरच्या एका शर्टावर आला होता, आता माझे दोन घालतो. बाह्या आखूड होतात. त्याचे म्हणणे, शर्टाचे माप चुकले आहे.

बुधवारी दुपारी बसमधून उतरला तो सरळ दारापाशी. मला नमस्कारही केला नाही. डाव्या पल्ल्यासमोर उकिडवा बसला आणि पाच मिनिटे नुसता पाहत राहिला. मी मागे उभा होतो. मला वाटले, आता बोलेल. मी ऐकून घ्यायचे ठरवले होते. तो वळून एवढेच म्हणाला, "काच हाय का घरात, फुटकी?" धनवंताने फुटलेल्या आरशाचा तुकडा आणून दिला. त्याच्या धारेने त्याने तो जांभळा रंग खरवडायला सुरुवात केली. लाकडाच्या वरून पापुद्रे असे निघत होते की मी महिनाभर केलेले काम दीड दिवसात एका सुपात भरले. धनवंताने ते सूप सगळ्या शेजारणींना दाखवले.

मग जेवायला बसलो. त्याच्या पानात ती वाढतच होती. कोणी कोणाला माफी वगैरे काही बोलले नाही. मध्येच तो म्हणाला, "गुरुजी, उभं मात्र तुमी चांगलं घासलं होतं. खाली लाकूड एकसारखं लागलं." मी धनवंताला म्हटले, याला अजून वाढ.

वसंतपंचमीची मोठी अडचण झाली. आदल्या दिवशीपर्यंत डाव्या पल्ल्याला रंग आणि चपडीचे दोन हात झाले होते. काय रंग आला आहे, रुख्मा! काळा नाही, लाल नाही, उन्हात धरलेल्या मधासारखा. पण उजवा पल्ला कोरा. मी म्हटले, एवढा उद्या सकाळी उरकून टाक. तर म्हणाला, "सकाळी धुकं राहते. ओल असली का चपडी पांढरी पडते. मी नाई लावत." मी म्हटले, पाहुणे यायचे आहेत, सोनिकाच्या सासरचे येणार आहेत. मुलीच्या सासरच्यांसमोर अर्धे दार! तो म्हणाला, "मंग अर्धंच पाहतील." माझ्या ओठांवर एक वाक्य आले होते. धनवंता स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी ते गिळले.

तर गृहप्रवेश अर्ध्या दाराने झाला. सोनिकाचे सासरे तिरोड्याहून आले. दोन्ही पल्ले बघून त्यांनी विचारले, "ही नवीन पद्धत आहे का?" मी म्हटले, "होय. आधी आणि नंतर, दोन्ही दिसते." ते गेले तेव्हा बकारामला आपल्या घरच्या दारांचे काम देऊन गेले. दोन्ही पल्ले करायचे, असे मात्र तीनदा बजावून. बिसरामच्या मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात द्यायचा दिवाणही त्याच्याकडेच आला आहे. आता सकाळी लोक येतात, "मिस्त्री हायत का?" म्हणून विचारतात, आणि मी बाहेर येऊन सांगतो की आहेत, बसा.

धनवंताने तुमच्या घराचे कुलूप काढून झाडून-सारवून घेतले आहे. बकारामचा रंदा, पटाशी आणि करवत रायपूरलाच आहेत, ती घेऊन ये. गुरुवारच्या गाडीने निघ. मी गोंदिया स्टेशनवर घ्यायला येतो. काळजी करू नकोस, पिशवीत काही नसेल.

उजवा पल्ला अजून तसाच आहे. काल चपडी भिजवली. म्हटले, आता गाळून देतो, लाव. तर तुझा नवरा म्हणतो, चपडी रुख्माच गाळते, डाव्या पल्ल्याची घाईत स्वतः गाळली तेवढी पुरे, आता दुसऱ्या कोणाच्या हाताने गाळलेली आपण लावत नाही. मी म्हटले, अरे, मी सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहे, एका फडक्यातून पाणी गाळता येणार नाही मला? तो म्हणाला, "नाई येणार."

मी फडके घडी करून तुझ्यासाठी ठेवले आहे.

नत्थूलाल बोपचे